पथनाट्यकार सफदर हाशमी

नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो मखमली पडदा. तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मंदावतात, पडदा दूर सरतो आणि उजळलेल्या रंगमंचावर एक निराळेच जग अवतरते. आपण अंधारात बसून ते जग पाहतो. पाहणारे आणि दाखविणारे यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत उभी असते आणि ती कोणी ओलांडावयाची नाही, असा जणू संकेतच असतो. पण तिकिटाचे पैसे ज्याच्यापाशी नाहीत, किंवा दिवे मंदावण्याच्या वेळी ज्याला कारखान्याची दुसरी पाळी संपवावयाची आहे, त्याने नाटक पाहावे केव्हा आणि कोठे? हा प्रश्न ज्यांना तरुण वयातच पडला आणि ज्यांनी त्याचे उत्तर प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहून शोधले, त्या सफदर हाशमी यांची ही जीवनकथा आहे.

सफदर यांचा जन्म १२ एप्रिल १९५४ रोजी दिल्ली येथे झाला. पथनाट्य करणारी मंडळी हा दिवस आता देशभर पथनाट्य दिन म्हणून पाळतात. त्यांच्या वडिलांचे नाव हनीफ आणि आईचे नाव कमर आझाद. बालपण अलीगढ आणि दिल्ली या दोन शहरांत गेले. घरातील वातावरण मार्क्सवादी विचारांचे असल्यामुळे कामगार, त्यांची मजुरी, त्यांचे हक्क हे शब्द लहानग्या सफदरच्या कानांवर वरचेवर पडत असत. पुढे ते दिल्लीच्या नामांकित सेंट स्टीफन्स महाविद्यालयात दाखल झाले. इंग्रजी साहित्य हा त्यांचा विषय. दिल्ली विद्यापीठातून ते त्याच विषयात एम. ए. झाले. उंच, देखणा, बोलका आणि विनोदी असा हा तरुण. मनात आणले असते तर एखाद्या मोठ्या हुद्द्यावर सुखाने आयुष्य घालविणे त्याला मुळीच कठीण नव्हते.

परंतु महाविद्यालयात असतानाच त्यांना नाटकाचे वेड लागले होते. स्वातंत्र्यपूर्व काळात, १९४३ मध्ये, मुंबई येथे ‘इप्टा’ या नावाने ओळखला जाणारा भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. नाटक आणि गाणी सामान्य जनतेपर्यंत न्यावयाची, हा या संघाचा हेतू. आपल्या महाराष्ट्रातील शाहीर अण्णा भाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांचाही या संघाशी निकटचा संबंध होता. या संघाच्या दिल्लीतील शाखेत काम करणाऱ्या काही तरुणांनी १९७३ मध्ये ‘जन नाट्य मंच’ ही स्वतंत्र संस्था काढली. लोक तिला लाडाने ‘जनम’ म्हणू लागले. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले सफदर त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते.

प्रारंभी ही मंडळी मोठमोठी नाटकेच करीत. मात्र ती ते बंदिस्त नाट्यगृहांत न करता वस्त्यांमध्ये, उघड्या मैदानांवर मांडव घालून करीत असत. १९७५ च्या जून महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरविली. साऱ्या देशात खळबळ उडाली. तेव्हा जनमने ‘कुर्सी, कुर्सी, कुर्सी’ नावाचे एक छोटेसे प्रहसन रचले आणि दिल्लीच्या बोट क्लबच्या हिरवळीवर ते सतत काही दिवस करून दाखविले. त्यातला राजा मोठा गमतीदार होता. लोकांनी निवडलेल्या नव्या माणसाला आसन मोकळे करून देण्यासाठी तो उठू लागे, तर त्याच्याबरोबर त्याची खुर्चीही उठे! तो जाईल तेथे ती त्याच्या पाठीशी चिकटलेलीच. दुपारच्या सुटीत बाहेर आलेले कारकून आणि शिपाई हा प्रकार पाहण्यासाठी उभे राहत. ही गंमत फार काळ चालावयाची नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस देशात आणीबाणी पुकारली गेली आणि असल्या नाटकांना जागाच उरली नाही. सफदर यांनी हा काळ गढवाल, काश्मीर आणि दिल्ली येथील महाविद्यालयांत इंग्रजी शिकविण्यात घालविला.

१९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि मंडळी पुन्हा एकत्र आली. आता अडचण निराळीच उभी राहिली. मोठे नाटक म्हणजे मंच, दिवे, ध्वनिक्षेपक, वेषभूषा, सामान वाहून नेण्यासाठी वाहन. हा खर्च पूर्वी कामगार संघटना उचलीत असत. आता त्यांच्याच तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. मग काय, नाटक बंद करावयाचे? पुष्कळ विचार केल्यानंतर सफदर आणि त्यांचे सहकारी एका साध्या निर्णयाला येऊन पोहोचले. मोठे नाटक लोकांपर्यंत नेता येत नसेल, तर लहान नाटक न्यावे. इतके लहान, की ते चार-सहा नटांच्या अंगाखांद्यांवरून कोठेही नेता यावे. गरज ही शोधाची जननी होय, असे आपण म्हणतो. येथे ते अगदी शब्दशः खरे ठरले.

परंतु नाटक कशावर करावयाचे? तो विषयही असाच अचानक हाती आला. एका जुन्या जाणत्या कामगार कार्यकर्त्याने त्यांना दिल्लीजवळच्या हेरिग-इंडिया नावाच्या रसायनांच्या कारखान्यातील हकीकत सांगितली. तेथील कामगारांच्या मागण्या दोनच होत्या. कामावर येताना आणलेल्या सायकली ठेवण्यासाठी एक निवारा असावा, आणि सुटीत चहा घेण्यासाठी एक उपाहारगृह असावे. यांत अवाजवी ते काय होते? तरीही मालकाने नकार दिला. कामगारांनी काम थांबविले. तेव्हा कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. सायकलींसाठी एक छप्पर मागणे प्राणांवर बेतावे, ही गोष्ट सफदर यांच्या मनाला फार लागली. सहकारी राकेश सक्सेना यांच्यासह त्यांनी या घटनेवर एक नाटक लिहिले. त्याचे नाव ‘मशीन’. त्याची लांबी होती केवळ तेरा मिनिटांची!

हे नाटक कसे होते, ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. मोकळ्या जागेत लोकांचे कडे पडलेले आहे. त्या कड्याच्या मध्यभागी काही नट येऊन एकमेकांना चिकटून उभे राहतात. एकाचा हात वरखाली होऊ लागतो, दुसऱ्याची कंबर वळू लागते, तिसरा खाली वाकून पुन्हा ताठ होतो. तोंडाने कोणी खडखडाट करतो, कोणी फुसकारा सोडतो. पाहता पाहता त्या माणसांचे एक धडधडणारे यंत्र तयार होते. जवळ लोखंडाचा एक तुकडा नाही, पण समोर यंत्र चाललेले स्पष्ट दिसते. आणि एकाएकी ते बंद पडते. सूत्रधार गोंधळतो. कधी न थांबणारे हे यंत्र थांबले कसे? मग त्या यंत्रातूनच एकेक भाग सुटा होऊन बोलू लागतो. त्यात कामगार असतो, पहारेकरी असतो, मालक असतो. ज्याच्या घामावर यंत्र चालते त्यानेच हात आखडला आहे, हे हळूहळू उलगडत जाते. पुढे गोळ्या सुटतात, कामगार कोसळतात. पण नाटक तेथे संपत नाही, पडलेली माणसे पुन्हा उठतात. मुलांनो, असे मानवी यंत्र तुम्हांलाही शाळेच्या पटांगणावर उभे करून पाहता येईल. मात्र सर्वांची हालचाल एका तालात येणे किती अवघड आहे, हे तेव्हाच तुमच्या ध्यानात येईल.

‘मशीन’चा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९७८ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या तालकटोरा क्रीडागृहात देशभरातील कामगार संघटनांचे सुमारे सात हजार प्रतिनिधी जमले असता, त्यांच्यासमोर हे नाटक करण्यात आले. नाटक संपताच लोकांनी नटांना गराडा घातला आणि खांद्यांवर उचलून घेतले. आपल्या रोजच्या जगण्याचे असे नाटक होऊ शकते, हे त्यांतील कित्येकांनी प्रथमच पाहिले असावे. ते प्रतिनिधी आपापल्या प्रांतांत परतले, आणि थोड्याच काळात ‘मशीन’ वेगवेगळ्या भाषांत होऊ लागले. छापील पुस्तकाचीही वाट कोणी पाहिली नाही.

येथून सफदर यांच्या जीवनाला निश्चित दिशा मिळाली. हिंदीत या प्रकाराला नुक्कड नाटक म्हणतात. नुक्कड म्हणजे रस्त्याचा कोपरा. मराठीत आपण त्याला पथनाट्य असे नाव दिले आहे. वस्तुतः उघड्यावर, लोकांच्या घोळक्यात खेळ करण्याची रीत आपल्या देशात जुनीच आहे. आपल्याकडील बहुरूपी, गोंधळी आणि भारूड करणारे यांनी पडदा कधी मागितला होता? सफदर यांनी या जुन्या रीतीतला मोकळेपणा घेतला आणि तिला आजच्या काळातील प्रश्न दिले.

मात्र हे काम दिसते तितके सोपे नव्हे. नाट्यगृहात नटाने प्रेक्षकांकडे पाठ करू नये, असा नियम असतो. येथे प्रेक्षक चारही दिशांना. तेव्हा पाठ कोणाकडे तरी होणारच. म्हणून नटाला सतत फिरते राहावे लागते आणि मानेने, खांद्यांनी, पाठीनेसुद्धा बोलावे लागते. मोटारींचे भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, रडणारी मुले या साऱ्यांवरून आवाज पोहोचवावा लागतो. वेष बदलावयास आडोसा नसतो. डोक्यावर टोपी चढली की तोच नट हवालदार आणि खांद्यावर उपरणे आले की शेठजी. सर्वांत मोठी गोष्ट ही, की तिकीट काढून बसलेला प्रेक्षक सहसा उठून जात नाही, पण रस्त्यावरचा प्रेक्षक क्षणभर कंटाळला तरी चालू लागतो. त्याला धरून ठेवणारे दार तेथे नसते. प्रयोग आटोपल्यावर एखादी चादर पसरली जाई, लोक तीत यथाशक्ति नाणी टाकीत, आणि मग गप्पा सुरू होत. अमुक पात्र असे बोलणार नाही, तमुक गोष्ट अशी घडत नाही, असे कामगार बिनदिक्कत सांगत. सफदर ते मनापासून ऐकत. प्रेक्षकाने नाटक नुसते पाहून न जाता ते घडविण्यास हातभार लावावा, ही त्यांची इच्छा होती आणि ती अशा रीतीने सफळ होत असे.

घडलेल्या गोष्टीवर तत्काळ नाटक उभे करण्यात जनमचा हातखंडा होता. १९७९ च्या प्रारंभी दिल्लीत बसभाडे वाढले, तेव्हा त्यांनी काही तासांतच त्यावर नाटक रचले, बसविले आणि थेट बसथांब्यांवरील प्रवाशांपुढे नेले. त्याच वर्षी ‘औरत’ हे नाटक आले. घरात, रस्त्यावर आणि कामाच्या ठिकाणी स्त्रीला काय सोसावे लागते, हे त्यात दाखविले होते. त्यात स्त्रीची भूमिका करणाऱ्या मलयश्री याच पुढे सफदर यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

या काळात सफदर नोकरीही करीत होते. वृत्तसंस्था आणि वृत्तपत्र यांत काम केल्यानंतर ते पश्चिम बंगाल सरकारचे दिल्लीतील माहिती अधिकारी झाले. पगार चांगला होता, पण तालमींना वेळ पुरेना. १९८४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून दिली आणि सर्व वेळ नाटकाला व लेखनाला वाहिला. त्यांनी गीते लिहिली, लेख लिहिले, दूरदर्शनसाठी संहिता लिहिल्या. तुमच्यासारख्या मुलांसाठीही त्यांनी लिहिले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांची ‘किताबें’ ही कविता हिंदी भाषक प्रदेशांतील असंख्य मुलांना तोंडपाठ आहे. आमच्या मते कामगारांपुढे जाणारे नाटक आणि मुलांसाठी लिहिलेली कविता यांत त्यांनी फारसा भेद मानला नसावा. समोरचा लहान आहे किंवा अशिक्षित आहे, म्हणून त्याला काहीही चालेल, असे त्यांनी कधी मानले नाही.

काही टीकाकारांना पथनाट्य म्हणजे नुसती घोषणाबाजी वाटे. हा आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. पथनाट्याच्या नावाखाली कंटाळवाणी व्याख्याने देणारे पुष्कळ होते, आणि सफदर यांना ते स्वतःलाच खटकत असे. पथनाट्य हेही नाटक आहे, त्याने कलेच्या कसोटीला उतरलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. नाट्यगृहातील नाटकाशी त्यांनी कधी वैरही धरले नाही. १९८८ मध्ये प्रेमचंदांच्या एका कथेवरून त्यांनी ‘मोटेराम का सत्याग्रह’ हे नाटक थोर रंगकर्मी हबीब तन्वीर यांच्यासह तयार केले. ते तर रीतसर रंगमंचावरच झाले होते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात दिल्ली आणि आसपासच्या औद्योगिक वस्त्यांतील कामगारांनी सात दिवसांचा संप केला. किमान वेतन महिना १,०५० रुपये असावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. संपापूर्वी जनमने ‘चक्का जाम’ नावाचे नाटक वस्त्यावस्त्यांतून केले होते. संपानंतर त्यातच फेरफार करून ‘हल्ला बोल’ हे नाटक सिद्ध झाले. इतक्या वर्षांत जनमने सुमारे चोवीस पथनाट्ये रचली होती आणि त्यांचे मिळून चार हजारांच्या घरात प्रयोग झाले होते.

१ जानेवारी १९८९. नव्या वर्षाचा पहिला दिवस. दिल्लीच्या सीमेलगत, उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्ह्यात, साहिबाबाद येथे झंडापूर नावाची कामगारांची वस्ती आहे. तेथे सकाळी ‘हल्ला बोल’चा प्रयोग ठेवला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते आणि डाव्या कामगार संघटनेचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराच्या प्रचारार्थ हा प्रयोग होता. वस्तीतील लोक भोवती जमले, नाटक सुरू झाले. ते रंगात आले असतानाच विरोधी उमेदवाराची मिरवणूक त्या रस्त्याने आली आणि वाट मागू लागली. सफदर पुढे झाले. नाटक संपेपर्यंत थोडे थांबावे, किंवा दुसऱ्या वाटेने जावे, अशी विनंती त्यांनी केली. शब्दाला शब्द लागला आणि क्षणार्धात लाठ्या व लोखंडी सळ्या घेतलेले लोक नटांवर आणि प्रेक्षकांवर तुटून पडले. पिस्तुलेही झाडली गेली. राम बहादूर नावाचा एक गरीब कामगार जागीच ठार झाला. नटमंडळी जवळच असलेल्या संघटनेच्या कचेरीत शिरली. हल्लेखोर तेथेही पोहोचले. तेव्हा सफदर यांनी दार रोखून धरले आणि सहकाऱ्यांना मागच्या बाजूने निसटून जाण्यास अवधी मिळवून दिला. ते स्वतः मात्र हल्लेखोरांच्या हाती सापडले. त्यांच्या मस्तकावर घाव बसले. दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीच्या रात्री, दिल्लीच्या रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो माणसे चालत होती. नामवंत चित्रकार, लेखक आणि नट यांच्या शेजारून कारखान्यांतील मजूर चालत होते. पुढे त्यांच्या आई कमर आझाद यांनी मुलाचे चरित्र लिहिले, आणि देशभरच्या कलावंतांनी त्यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था स्थापन केली. खटल्याचा निकाल लागून हल्लेखोरांना जन्मठेपेची शिक्षा होण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

न्यायालयाला चौदा वर्षे लागली, परंतु झंडापूरच्या लोकांना त्यांच्या नाटकासाठी तितके थांबावे लागले नाही. ४ जानेवारी १९८९ रोजी, म्हणजे सफदर यांच्या मृत्यूनंतर दोन दिवस उलटतात न उलटतात तोच, जनमचे नट त्या वस्तीत परत आले. त्यांतल्या कोणाच्याही मनातील दुःख शमले नव्हते, आणि पुन्हा हल्ला होणार नाही अशी हमी कोणी दिलेली नव्हती. या वेळी प्रेक्षक मात्र पूर्वीच्या कितीतरी पट होते. दिल्लीहून आणि आसपासच्या वस्त्यांतून हजारो लोक आले होते. त्याच जागी पुन्हा लोकांचे कडे पडले. मलयश्री आपल्या भूमिकेत उभ्या राहिल्या, आणि तीन दिवसांपूर्वी अर्ध्यावर राहिलेले ‘हल्ला बोल’ त्या दिवशी शेवटपर्यंत झाले.